मांडवकर ब्रदर आणि बर्फाच्या दोन लाद्या

मांडवकर ब्रदरांनी माझी जीभ पाहिली तेव्हा आमची ओळख होऊन जेमतेम अर्धा मिनिट झालं होतं. कंपनीतला माझा पहिलाच दिवस होता. आखातातल्या अल क्वोजच्या कॅम्प ऑफिसात मला एसीखालचं टेबल मिळालं, आणि मी पर्स ठेवते न ठेवते तोच एक ठेंगणे गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. पांढरा हाफ शर्ट, पांढरी पँट, पायात निळ्या रबरी चपला.

"नवीन मॅडम का? मराठी? वा वा. यल्ला, चला, जीभ दाखवा."

नव्या नोकरीत पहिल्या दिवशी परक्या पुरुषाने जीभ काढायला सांगितली तर बाईमाणसाने काय करावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण त्यांनी ते इतक्या सहज मागितलं की मी काढून दाखवली. त्यांनी दोन सेकंद पाहिलं. "पाणी कमी. सकाळी चहा दोनदा," म्हणाले आणि निघून गेले. चहाचं बरोबर होतं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्या दिवशी मी पाण्याच्या तीन बाटल्या संपवल्या.

आमची कंपनी बांधकामाची. तिचे दीड हजार कामगार या कॅम्पात राहायचे. कॅम्प म्हणजे तीन मजली लांबलचक इमारती, एका खोलीत आठ माणसं, दुमजली लोखंडी खाटा, प्रत्येक मजल्याच्या टोकाला न्हाणीघरं, खाली मेस, आणि मेसच्या बाजूला एका खोलीचा दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत आणि घड्याळाकडे बघत बसत. उरलेला सगळा दवाखाना म्हणजे मांडवकर ब्रदर. पुरुष नर्सला आपल्याकडे ब्रदर म्हणतात, तेच नाव त्यांना चिकटलं होतं. फाटकावरचा पठाण त्यांना ब्रदरसाब म्हणायचा. नाव दत्ताराम, गाव राजापूरकडचं, मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात बारा वर्षं काढून इकडे आलेले. मला ते चारचौघांत मॅडम म्हणत आणि कुणी नसलं की बाय. माझं काम आरोग्य आणि सुरक्षिततेचे कागद तयार करण्याचं होतं. कागद माझे आणि आरोग्य त्यांचं, अशी आमची वाटणी होती.

त्यांचा दिवस पहाटे पाण्यापासून सुरू व्हायचा. प्रत्येक मजल्यावर पिण्याच्या पाण्याचा एक स्टीलचा कूलर असे. ब्रदर खिशातला स्टीलचा पेला काढून प्रत्येक कूलरचं पाणी आधी स्वतः पीत. बारा कूलर, बारा घोट. मग गच्चीवर चढून टाक्यांची झाकणं उघडून आत टॉर्च मारत. मग मेसमध्ये येऊन डाळीचा एक चमचा चाखत. "मेरे पेट को कुछ हुआ तो एक आदमी गया. कॅम्प को हुआ तो मेरा दिन गया," असं ते म्हणायचे. मेसचा मुख्य आचारी रामुलू, तेलंगणाचा. बावीस वर्षं मोठ्या पातेल्यांसमोर उभं राहून त्याचे दंड पैलवानासारखे झाले होते. सुरुवातीला या चमच्याचा त्याला अपमान वाटे. पुढे पुढे ब्रदर दारात दिसले की तो आधीच चमचा भरून पुढे करायचा आणि त्यांचा चेहरा न्याहाळत उभा राहायचा. ब्रदर कधीच 'छान' म्हणत नसत. "चलेगा" म्हणत, आणि रामुलू खूश होऊन जाई.

कॅम्पचा कारभार कुरियन साहेबांकडे होता. या हुद्द्याला तिकडे कॅम्प बॉस म्हणतात. कुरियन मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त काहीही घडलेलं आवडत नसे. ढेकूण झाले तर ढेकूण नाहीत, नळ गळला तर नळ गळत नाही, अशी त्यांची कागदोपत्री शांतता असायची. एकदा बड्या क्लायंटची माणसं कॅम्प पाहायला येणार होती. ब्रदर तीन आठवडे २१४ नंबरच्या खोलीतल्या ढेकणांसाठी औषध मारायला सांगत होते आणि कुरियन "इन्शाल्ला, इन्शाल्ला" करत होते. पाहुणे कुरियन साहेबांच्या खोलीत चहा घेत असताना ब्रदर आत गेले आणि लघवी तपासायची झाकणाची बाटली टेबलावर ठेवून आले. आत पाच ढेकूण फिरत होते. बाटलीवर त्यांच्या वळणदार अक्षरात लेबल लावलं होतं: रूम २१४. एज: अडल्ट. सेक्स: नॉट नोन.

औषध त्याच संध्याकाळी मारलं गेलं. कुरियन महिनाभर ब्रदरांशी बोलले नाहीत, आणि त्या महिन्यात ब्रदर फार आनंदात होते.

कामगार आजारपण लपवत. खाडा पडला की पगार कापला जायचा, आणि व्हिसाच्या मेडिकलच्या आधी काही निघालं तर घरी पाठवतील ही भीती प्रत्येकाच्या डोक्यात असायची. त्यामुळे तापाने फणफणलेला माणूस खाटेवर पडून राही आणि खोलीतले सातजण "कोई नहीं है अंदर" म्हणून शपथ घेत. ब्रदरांनी यावर एक युक्ती काढली होती. माणसं साइटवर सेफ्टी बूट घालून जातात, चपला दाराबाहेर राहतात. म्हणजे बस गेल्यावर दाराबाहेर बूट दिसले की आत कुणीतरी आहे. हे कामगारांच्या लक्षात आल्यावर ते बूट खाटेखाली लपवू लागले. मग ब्रदर चपला मोजू लागले. कारण आजारी माणसाला संडासला जायला चपला लागतात, आणि बूट लपवताना चपलाही तो आत ओढून घेतो.

"एकशे अठरात चपलांचे सात जोड," ते एकदा माझ्यासमोरच दारावर थाप मारत ओरडले. "आठवा माणूस स्लीपर घालून क्रेनवर चढला काय रे?"

आत खेडचा एक सुतार होता, पस्तिशीचा, ताप एकशे तीन. ब्रदरांना पाहून तो रडायलाच लागला. ब्रदर त्याच्या खाटेशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. "तुला वाचवायचं की तुझा पगार वाचवायचा? दोन्ही वाचवू. पण आधी तुला." मग त्यांनी रजिस्टरात त्याला हलकं काम लावलं: प्रथमोपचाराच्या पेट्या मोजणे. तो पाच दिवस खाटेवर पडून पेट्या मोजत होता. पुढे माझ्या लक्षात आलं की कॅम्पात कायम कुणीतरी पेट्या मोजत असतो. जगात कुठल्याही कंपनीच्या प्रथमोपचार पेट्या इतक्या वेळा मोजल्या गेल्या नसतील. त्या कागदांवर माझी सही असायची, आणि मी ती न बघता करायला शिकले.

एकदा आम्ही त्यांना घरी जेवायला बोलावलं. आमचं घर शारजात, रोल्ला भागात, जुन्या इमारतीत. बायको राजापूरला, त्यामुळे घरचं जेवण म्हटल्यावर माणूस खूश होईल असं मला वाटलं. ब्रदर आले, चपला काढल्या आणि सरळ आमच्या न्हाणीघरात शिरले. माझा नवरा माझ्याकडे बघायला लागला.

"गीझर बंद ठेवता ना उन्हाळ्यात?" आतून आवाज आला.

आता इकडे उन्हाळ्यात सगळेच ठेवतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याच्या नळाला चटका देणारं पाणी येतं. मग गीझर बंद करायचा. त्यात साठलेलं पाणी घरातल्या एसीने निवतं आणि गरम पाण्याच्या नळातून बऱ्यापैकी गार येतं. नव्या माणसाला हे उलटं तंत्र समजायला एक उन्हाळा लागतो. ब्रदरांचं म्हणणं असं की असं कोमट, साठलेलं पाणी म्हणजे जंतूंना आंदण. आठवड्यातून एकदा गीझर पूर्ण तापवून रिकामा करायचा. ते टॉर्च घेऊन गीझरखाली वाकून हे सगळं समजावत होते, तेव्हा माझा आठ वर्षांचा मुलगा दारात येऊन म्हणाला, "अंकल, आर यू अ प्लंबर?"

"अर्धा," ब्रदर म्हणाले. "बाकीचा अर्धा जेवायला आलाय."

जेवताना त्यांनी सोलकढी दोन वाट्या प्याली आणि गोडाला हात लावला नाही. "शुगर आहे मला. नर्सलाच असते." मग त्यांनी आमच्या घरच्या भांड्याच्या ब्रशाची किंमत विचारली, "पंधरा दिरहॅम? म्हणजे साडेतीनशे रुपये, आणि केस गळतात!" असं म्हणून त्याच्या जागी काथ्या वापरायचा सल्ला दिला. माझा नवरा त्यानंतर त्यांचा भक्त झाला. आमचा गीझर आजही दर शनिवारी तापतो.

आता सरबताकडे येते. जुलैमध्ये साइटवर दुपारची सक्तीची सुट्टी असली तरी सकाळी दहालाच अंगाची लाही होते. कंपनी क्षारांची नारिंगी पाकिटं वाटायची आणि माणसं ती कचऱ्यात टाकायची, कारण चवीला ती औषधासारखी लागत. ब्रदरांनी यावर कोकम सरबत काढलं. दर उन्हाळ्यात त्यांची बायको, आक्का, गावाहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाच्या, बाटल्या पाठवायची. त्यात साखर, मीठ, जिरं, गाळलेलं पाणी आणि बर्फ. रविवारी संध्याकाळी पाचला मेसच्या अंगणात मोठं पातेलं मांडलं जायचं आणि रांग लागायची. बिहारी, तमिळ, नेपाळी, पठाण, सगळे. पहिल्या वर्षी "ये लाल क्या है?" म्हणून नाकं मुरडणारे दुसऱ्या वर्षी शनिवारपासून विचारू लागले. ब्रदर स्वतः ओगराळ्याने वाढायचे. स्वतः मात्र प्यायचे नाहीत, कारण साखर. त्या अख्ख्या कॅम्पात त्यांनी आधी चाखलेली नसायची अशी ती एकच गोष्ट होती.

ज्या रविवारी घोळ झाला, त्या रविवारी मी तिथे नव्हते. झालं ते मला दुसऱ्या दिवशी तुकड्यातुकड्याने कळलं. बर्फाचं मशीन बंद पडलं होतं. उन्हात उभी माणसं, पातेल्यात कोमट खारट पाणी, आणि फाटकाशी मुस्तफाची गाडी. मुस्तफा रत्नागिरीजवळचा, मासळी विकायला कॅम्पाकॅम्पांतून फिरायचा. ब्रदरांचं आणि त्याचं गाव एकाच खाडीच्या अल्याडपल्याड. दर रविवारी दोघं फाटकाशी उभे राहून सुरमई, आंबा आणि एकमेकांच्या नातेवाइकांवर बोलत. मुस्तफाच्या गाडीत बर्फ होता.

"नवा आहे ब्रदर, मासळीला लागलेला नाय," मुस्तफा म्हणाला. ते खरंही होतं. दोन लाद्या गाडीच्या पुढच्या कोपऱ्यात, गोणपाटात गुंडाळलेल्या. ब्रदरांनी स्वतः त्या नळाखाली धुतल्या, काथ्याने घासल्या, फोडल्या आणि पातेल्यात टाकल्या. मासळीसाठीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं; दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला फाटकापर्यंत पळवत नेलं असतं. पण गावच्या माणसाचा बर्फ होता. आमच्या लोकांचं हे असंच असतं. परक्याच्या बाटलीतलं सीलबंद पाणीसुद्धा आम्ही उजेडात धरून बघू, आणि आपल्या माणसाने दिलं की डोळे मिटून पिऊ.

सोमवारी सकाळी संडासांपुढे रांगा होत्या. दुपारपर्यंत बासष्ट माणसं आडवी झाली, सहाजणांना इस्पितळात सलाइन लावावं लागलं. देवाची कृपा, सगळे चार दिवसांत उठून बसले. पण सोमवारी ते कुणाला माहीत होतं? हेड ऑफिसचे फोन सुरू झाले. कुरियन साहेबांना कारण हवं होतं, आणि ते आजच हवं होतं. बासष्टांपैकी जवळजवळ सगळे मेसमध्ये जेवले होते, तेव्हा कारण मिळालंच. मेसची डाळ. म्हणजे रामुलू. बुधवारच्या विमानाचं त्याचं तिकीट काढायला सांगण्यात आलं.

मी मेसमध्ये गेले तर रामुलू उपड्या पातेल्यावर बसला होता. समोर रात्रीच्या भाताचा डोंगर तसाच. एकही माणूस जेवायला आला नव्हता. कुणीतरी त्याच्या पायाशी ताट आपटून गेलं होतं. "मेरा दाल खराब नहीं था मॅडम," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "बाईस साल. एक आदमी बीमार नहीं किया."  मी तिथून पळाले, खरंच पळाले.

या सगळ्या गदारोळात ब्रदर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात होते, एका हातात क्षारांचं पाणी, दुसऱ्या हातात वही. वहीत प्रत्येक आजारी माणसाचं नाव आणि पुढे तीन रकाने: मेसचं जेवण, कूलरचं पाणी, बाहेरचं खाणं. ती वही नंतर माझ्या हातात आली. तीन रकाने निळ्या शाईत आखलेले आहेत. चौथा रकाना लाल पेनाने नंतर जोडलेला आहे, कडेच्या जागेत कसाबसा. त्याच्या डोक्यावर लिहिलंय: सरबत.

तो रकाना त्यांनी सोमवारी संध्याकाळी आखला असावा, कारण मग ते पुन्हा पहिल्या खाटेपासून निघाले आणि बासष्टांना पुन्हा विचारत फिरले. पेरुमल नावाचा एक तमिळ फिटर मेसमध्ये कधीच जेवायचा नाही, खोलीत स्वतःचं शिजवायचा. तो सगळ्यांत जास्त आजारी होता. त्याने तीन पेले सरबत घेतलं होतं. उलट रात्रपाळीचे नऊ पहारेकरी, ज्यांनी डाळ दोनदा मागून घेतली होती पण सरबताच्या वेळी झोपले होते, ठणठणीत होते. यापुढे विचारायचं काही उरत नव्हतं.

मंगळवारी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. माझ्यासमोर कुरियन साहेबांनी सांगितलेला अहवाल टाइप करून तयार होता, फक्त ब्रदरांची सही बाकी होती. त्यांनी तो वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"बाय, हे खोडा."

मी वही आधी पाहिली नव्हती तरी त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. "ब्रदर, नका हो," मी म्हणाले. "मार्चमध्ये तुम्ही रिटायर होणार. आठ महिने राहिलेत."

"रामुलूची किती वर्षं राहिलीत?"

कुरियन साहेब दारात उभे राहून ऐकत होते. ते आत आले आणि दार लावून घेतलं. खरं सांगायचं तर तेही घाबरले होते. "ब्रदर, आप लाइट ड्यूटी लिखते हो, आधा कॅम्प बॉक्स गिनता है. मैं कुछ बोला कभी? झूठ लिखना आपको आता है. आज एक लाइन के लिए हरिश्चंद्र क्यों बन रहे हो?"

मला वाटलं, ब्रदर आता चिडतील. ते चिडले नाहीत. "उसमें किसी का घर नहीं जाता था साब," ते म्हणाले. "इसमें रामुलू का जाता है."

कुरियन खुर्चीत बसले.  मग त्यांनी दुसरी वाट काढली. बर्फाचं लिहू या, ठीक आहे. पण नाव नको. एक कर्मचारी, एवढंच. खलास.

मला तर ती वाट फारच बरी वाटली. मी लगेच बोटं कीबोर्डवर ठेवली. पण ब्रदर मान हलवत होते.

"एक कर्मचारी म्हटलं की लोक कोण समजणार? रामुलूच समजणार. आचाऱ्याशिवाय पातेल्याला हात कोण लावतो?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा बाय. नाव, मांडवकर दत्ताराम महादेव. हुद्दा, नर्स. चूक, ओळखीच्या माणसाकडून मासळीच्या गाडीतला बर्फ घेतला. स्वतः चाखलं नाही."

"स्वतः चाखलं नाही, हे कशाला?"

"कारण तेच झालं ना."

मी ते टाइप केलं. मग न्हाणीघरात जाऊन रडले, आणि रडता रडता मला त्यांचा राग आला, पहिल्या दिवशी आला होता तसाच. या माणसाला थोडं कमी खरं बोलता आलं असतं तर काय बिघडलं असतं?

रामुलूचं तिकीट रद्द झालं. ब्रदरांच्या बाबतीत हेड ऑफिसने दहा दिवस घेतले. मग बोलावून सांगितलं, राजीनामा द्या, महिनाअखेरीस मोकळे व्हा, बाकी काही करणार नाही. त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिला. परत येऊन मला म्हणाले, "सुटलो. आक्का आठ महिने आधी भांडायला मिळणार म्हणून खूश होईल." मुस्तफाला मात्र त्यांनी फाटकाशी सगळ्यांदेखत असं झापलं की तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला. झापून झाल्यावर त्याच्याकडून अर्धा किलो बांगडे घेतले. मी बघतच राहिले. "बांगडा ताजा होता," ते म्हणाले. "बर्फ वाईट होता."

पण कॅम्पात एक गोष्ट काही केल्या सुधारेना. रामुलू राहिला होता, पण त्याच्या हातचं कुणी खाईना. अहवाल नोटीस बोर्डावर लागला होता, पाच भाषांत. तो वाचणार कोण? डाळ खराब होती, ही बातमी पहिल्या दिवशी सगळ्यांना मिळाली होती, आणि दुसरी बातमी ऐकायला कुणाला वेळ नव्हता. माणसं खोल्यांत चोरून शेगड्या लावायला लागली. आठ माणसांच्या खोलीत, गाद्यांमध्ये, उघडी शेगडी. मेसमध्ये पातेली भरलेली तशीच परत जायची. रामुलू कुणाशी बोलेना. ब्रदरांशी तर अजिबातच. ब्रदरांनी त्याला वाचवलं हे खरं, पण त्याच्या नावाला जो डाग लागला तोही ब्रदरांच्याच पातेल्यातून आला होता, हेही खरंच. सकाळी ब्रदर मेसच्या दारात गेले की तो पाठ फिरवून कांदे चिरत राहायचा.

ब्रदरांच्या शेवटच्या रविवारी मी मुद्दाम कॅम्पात गेले. संध्याकाळी पाचला ते मेसच्या अंगणात आले, पांढऱ्या कपड्यांत, हातात अहवालाचा कागद. प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढले. कुरियन साहेबांनी "नोटीस बोर्ड पे है ना" म्हणून नको सांगितलं होतं, पण ते अडवायला आले नाहीत. ते आपल्या खोलीच्या खिडकीत उभे होते.

"सब लोग सुनो. कान खोलके सुनो," ब्रदर ओरडले. "जुलै के उस रविवार को जो सरबत आप लोग पिया, उसमें बर्फ मैं लाया था. मच्छी की गाडी से. मेरा पहचानवाला था, इसलिए मैंने देखा नहीं. मेरे को शुगर है, इसलिए मैंने पिया नहीं. बासठ आदमी मैंने बीमार किया. मैंने. दाल अच्छी थी. रामुलू का हाथ साफ है. कोई शक है तो मेरे से पूछो, कल मैं नहीं मिलेगा."

अंगणात दोन-तीनशे माणसं होती. पेरुमल पुढे उभा होता, अजून जरा खंगलेला. त्याने मान डोलावली. एकाला हिंदी येत नव्हती, त्याला शेजारच्याने हळूच तमिळमध्ये सांगितलं, आणि ते सांगणं गर्दीतून मागे मागे सरकत गेलं. मग अगदी मागून एक आवाज आला.

"ब्रदर, तो अगले संडे को सरबत मिलेगा क्या?"

सगळे हसले. कित्येक दिवसांत त्या अंगणात मी पहिल्यांदा हसू ऐकत होते. ब्रदर हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी केली.

"मिलेगा. आगळ की आठ बोतल दवाखाने के कपाट में है. रामुलू बनाएगा. और पहले वो पिएगा, उसको शुगर नहीं है."

ते स्टुलावरून उतरले, ढिगातलं एक ताट उचललं आणि मेसच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना मेसमध्ये जेवताना पाहिलं नव्हतं, डबा त्यांचा वेगळा असायचा. ते एकटेच उभे होते. मग पेरुमल, ज्याने त्या मेसचं कधी खाल्लं नव्हतं, तो ताट घेऊन त्यांच्या मागे उभा राहिला. मग खेडचा तो सुतार. मग मागच्यांनी ढकलाढकली सुरू केली आणि रांग अंगणाबाहेर गेली.

खिडकीपलीकडे रामुलू हातात डाव घेऊन उभा होता. त्याने ब्रदरांकडे पाहिलं नाही. भात वाढला. त्यावर डाळीचा एक डाव घातला, मग दुसरा.

"बस, बस. शुगर है," ब्रदर म्हणाले.

रामुलूने मान वर केली, त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि तिसरा डाव घातला.